धरलेली जागा

बागेत बसायला कुणी शिकवावं लागत नाही, आणि बागेत कोण बसतं हे बघायला पुण्याहून माणसं यावी लागत नाहीत, असं मथुराबाईंचं स्पष्ट मत होतं. त्यांची सून अर्पिता ओढणी खोचून रोज घराबाहेर पडायला लागली, तेव्हा त्यांनी ते उंबऱ्यात उभं राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

"बसल्याली माणसं बघायची आन् त्याला अभ्यास म्हणायचं! आमी जलमभर हेच केलं की. आमाला न्हाय कुणी सर्टिफिकेट दिलं."

तसं म्हातारीचं फारसं चुकत नव्हतं. पाटीवर धाराशिव आणि लोकांच्या तोंडात अजून उस्मानाबाद अशा त्या गावात, पाण्याच्या उंच टाकीखाली एक बाग आहे. टाकीची बाग म्हणतात तिला. बाग म्हणजे काय, तर मोडकी घसरगुंडी, गंजलेले झोपाळे, थोडी हिरवळ आणि कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ दिलेले सिमेंटचे बाक. ही बाग आता नव्यानं करायची ठरली होती. त्याआधी तिथं कोण येतं, कुठं टेकतं, कोण उभ्याउभ्याच परत जातं, हे आसपासच्या बायकांनीच बघून सांगावं, अशी पुण्याच्या एका संस्थेची कल्पना. तिचे प्रमुख गौरीशंकर सर. "बाग तुमची, तर डोळेही तुमचेच पाहिजेत," ते म्हणायचे, आणि ते ऐकून बायकांना एकदम ताठ बसावंसं वाटायचं.

अर्पिता या कामात लवकरच तरबेज झाली, कारण तिला एक युक्ती सापडली होती. बागेतल्या माणसाला सरळ प्रश्न विचारला की तो बिचकतो. म्हणून ती बाकावर शेजारी टेकायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि म्हणायची, "तुम्ही पाणीबिणी पिऊन या की निवांत. मी धरते जागा." बस्स, एवढंच. माणूस परत आला की मुंबईच्या जावयापासून गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं आपणहून सांगायला लागायचा.

कारण आपल्याकडं जागा धरणं ही काही लहानसहान गोष्ट नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. मग आत शिरलेला गडी कितीही दांडगा असो, तो रुमाल उचलून फेकायची त्याची छाती होत नाही. दवाखान्याच्या बाकावर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत आपण परक्या बाईला म्हणतो, "जरा जागा धरा, आलेच," आणि ती म्हणते, "धरते." सख्ख्या भावाला दिलेला शब्द माणूस मोडतो, पण हा मोडत नाही. का मोडत नाही, ते देव जाणे.

तर या अभ्यासात एक गाठ काही सुटत नव्हती. बागेच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली एक बाक होता. सगळ्यात दाट सावली त्याच्यावर. संध्याकाळी बागेत पाय ठेवायला जागा नसायची, म्हातारी माणसं काठीवर भार देऊन ताटकळत उभी राहायची, लेकुरवाळ्या बायका मातीतच बसकण मारायच्या. आणि तो बाक रिकामा! त्याच्यावर कुणाचं नावही रंगवलेलं नव्हतं.

"आजोबा, तिथं का न्हाय बसत?" अर्पितानं एका म्हाताऱ्याला विचारलं.

"तिथं? धरलेली हाय की जागा."

"कुणी धरली?"

म्हाताऱ्यानं बाकाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. "आता कुणी ते काय ठाव. धरलेली हाय एवढं खरं."

दुसऱ्यालाही तेच विचारलं, तिसरीलाही. सगळ्यांचं उत्तर एकच, आणि तेही खोटं बोलल्यासारखं नाही, तर पाऊस पडला की भिजतो असं सांगावं तसं. बागेचा माळी लिंबाजी तर झाडलोट करतानाही त्या बाकाला वळसा घालून जायचा. "कुणी बसल्यालं असताना झाडू मारू का पायापाशी?" तो म्हणाला. बाकावर तेव्हा करंजाच्या फुलांशिवाय काही नव्हतं.

सरांना हे ऐकून मोठी मौज वाटली. भर दुपारी त्या बाकापाशी काय चालतं ते बघायला हवं, असं ते म्हणाले. दुपारची पाळी कुणालाच नको होती. चैत्र सरत आलेला, उन्हानं डांबर मऊ पडलेलं. अर्पितानं मात्र ती मागून घेतली, आणि त्याला कारण होती तिची समृद्धी. पहिलीत जाणाऱ्या समृद्धीची शाळा आता सकाळची झाली होती. शाळेची गाडी तिला दुपारी बागेच्या फाटकापाशी सोडायची. फाटकासमोरचा रस्ता खडीच्या टिपरांचा. पोरीचा हात धरायला तिथं कुणीतरी लागायचंच. नवरा शंभू लातूरला गोडाऊनवर कामाला, शनिवारी यायचा. म्हणजे घरात तिघीच. पोरगी हा अर्पिताचा जीव की प्राण, आणि खरं सांगायचं तर मथुराबाईंचाही. सासूसुनेचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य, पण पोरगी दारातून आत आली की दोघींची भांडणं जागच्या जागी विरायची.

त्या दुपारी बागेत चिटपाखरू नव्हतं. टाकीवर पाणी चढवणारी मोटर तेवढी घुमत होती. झोपाळ्यांच्या साखळ्या तापून चकाकत होत्या आणि वाळलेल्या गवताचा करपट वास सुटला होता. फाटकातून आत येताना अर्पितानं बघितलं, आणि तिची पावलं मंदावली. करंजाखालच्या बाकावर एक बाई बसली होती.

साधीच बाई. डोईवरून पदर, पायात स्लिपर, मांडीवर कापडी पिशवी, आणि दोन्ही हात त्या पिशवीवर ठेवलेले. बाकाच्या अगदी टोकाला बसलेली. अर्पिताला हायसं वाटलं. एवढा बाऊ केला आणि निघालं काय, तर खेड्यावरून आलेली एक बाई! हिला बोलतं केलं की सरांची गाठ सुटली. ती झाडाजवळ गेली. डांबरगोळ्यांचा वास आला, ट्रंकेतून वर्षानुवर्षांनी काढलेल्या लुगड्याला येतो तसला.

"मावशी, कुठल्या तुम्ही?"

"तेरच्या." आवाज कोरडा, पण गोड होता.

"मग इथं का बसलाव उन्हाच्या? गाडी लागती ती स्टँडवर."

"इथंच लागती की काळी-पिवळी. भरली की सुटती."

काळी-पिवळ्या जीपा इथं लागायच्या त्या बाग होण्याआधी, टाकीखाली नुसतं मैदान होतं तेव्हा. अर्पितानं ते मथुराबाईंकडून ऐकलं होतं. बाईच्या डोक्यावर ऊन चढलंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला कीव आली. बाईचे ओठ सुकून फुटले होते.

"लई वेळ झाला का बसून?"

"आत्ताच आले." बाई फाटकाकडं बघत राहिली. "एक जण होती हितं. म्हनली, बाई, जरा जागा धरा, पाणी पिऊन आलेच. म्या म्हनलं, धरते."

"मग?"

"आली न्हाय अजून…"

हे ऐकून अंगावर काटा यायला हवा होता. पण सवय वाईट. रोजच्या रोज तेच वाक्य बोलून जीभ गुळगुळीत झालेली. समोर तहानलेली बाई, शेजारी नळ, आणि आपण अभ्यासाला आलेलो. अर्पिता हसून म्हणून गेली, "तुम्ही जा की मावशी, पाणी पिऊन या निवांत. मी धरते जागा."

बाईनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"धरशील?"

"धरते म्हटलं न्हवं."

बाई उठली. फार सावकाश उठली, अंगातलं एकेक हाड आठवत उठल्यासारखी. ती बसली होती तिथं करंजाची फुलं पसरली होती आणि त्यातलं एकही चुरगळलं नव्हतं. अर्पिताला ते दिसलं, पण तोवर ती स्वतः तिथं टेकली होती. बाक बर्फासारखा गार. चैत्रातल्या उन्हात, तापून निघालेल्या बागेत, तो गारठा तिच्या कपड्यांतून थेट मणक्यात शिरला.

बाई नळापाशी गेली, पण थांबली नाही. ती सरळ फाटकाकडं निघाली.

"मावशी, नळ इकडं…"

आपलाच आवाज अर्पिताला लांबून आल्यासारखा वाटला. मोटरीची घरघरही दूर गेली होती. नदीत बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू येतं ना, तसं सगळं झालं. 'नसती उठाठेव,' ती मनाशी म्हणाली, 'येईल परत. नाही आली तर आपण उठू.' आणि ती उठायला गेली.

तिला कुणी धरलं नव्हतं. पाय मोकळे होते, हात हलत होते. पण उठायचं म्हटलं की एकच भीती मनात यायची. जागा जाईल. आपण धरते म्हटलंय आणि जागा जाईल. कसली जागा, कुणाची, गेली तर काय आकाश कोसळणार होतं, हे तिचं तिलाच सांगता येईना. तिनं हसून बघितलं. देवाचं नाव घेऊन बघितलं. मांडीला चिमटा काढला, तर चिमटा लागलाच नाही. करंजाची फुलं वरून तिच्या मांडीवर पडत होती, आणि पडली की दिसेनाशी होऊन बाकावर दिसत होती.

तेवढ्यात पाण्याचा पाइप ओढत लिंबाजी आला. अर्पिताच्या जिवात जीव आला.

"लिंबाजीमामा! अवो मामा, जरा हात द्या…"

लिंबाजी थबकला. डोक्याचं उपरणं त्यानं नीट केलं आणि बाकाकडं बघितलं. तिच्याकडं नाही, बाकाकडं. मग पायाशी पाणी उडू नये म्हणून पाइप अदबीनं उचलून धरला आणि वळसा घालून पुढं गेला.

"बसा, बसा," तो पुटपुटला. "धरलेली हाय जागा. ठाव हाय मला."

अर्पिता त्याच्या पाठीकडं बघत राहिली. बागेतल्या साऱ्या लोकांनी जे सांगितलं होतं ते बाहेरून कसं दिसतं, ते तिनं टिपून घेतलं होतं. आतून ते असं असतं, हे तिला आता कळत होतं. आणि त्याच क्षणी तिला गाडी आठवली. शाळेची गाडी. समृद्धी.

जणू आठवायचीच खोटी होती. फाटकापाशी हॉर्न वाजला. पिवळी गाडी थांबली आणि तिच्यातून लाल दप्तर आधी उतरलं, मग समृद्धी. समोरून खडीचा टिपर धडधडत येत होता. अर्पितानं सारा जीव गोळा करून किंचाळी फोडली. निदान तिला तरी वाटलं की फोडली. झाडावरचा कावळासुद्धा हलला नाही.

फाटकात उभी असलेली बाई पुढं झाली आणि तिनं पोरीचा हात धरला. टिपर धुरळा उडवत निघून गेला. तो धुरळा बसला तेव्हा त्या बाईच्या डोईवर पदर नव्हता, हातात पिशवी नव्हती. तिच्या अंगात अर्पितासारखाच आकाशी ड्रेस होता आणि ओढणी कमरेला खोचलेली होती. अर्पितानं आपल्या कमरेला हात लावून बघितला. ओढणी तिथंच होती. समृद्धीनं नेहमीसारखं दप्तर त्या बाईच्या खांद्याला अडकवलं, तिच्या बोटाला लोंबकळत काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि दोघी गल्लीकडं चालायला लागल्या.

त्यानंतर अर्पितानं काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. आई करते ते सगळं तिनं केलं, फक्त बसल्या जागेवरून. किती वेळ गेला कोण जाणे. सावली मात्र तसूभरही सरकली नव्हती.

आणि मग फाटकातून, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, चपला फटकारत मथुराबाई आल्या. त्यांनी घसरगुंडीमागं बघितलं, टाकीखाली वाकून बघितलं, नळापाशी बघितलं. शोधत शोधत त्या करंजापाशी आल्या, आणि त्यांची नजर थेट अर्पिताच्या नजरेला भिडली.

"हितं बसलीस व्हय गं भवाने! आन् तिकडं घरात कोण घुसलीय?"

कुणीतरी आपल्याला बघतंय या आनंदानं अर्पिताला रडू फुटलं. "आत्याबाई… दिसले मी तुम्हाला? समृद्धी कुठंय? समृद्धी?"

"घरी हाय. जेवायलीय." मथुराबाईंचा आवाज एकदम खाली आला. "तू आलीस पोरीला घेऊन. तिचं हातपाय धुतलीस. मंग माझ्या पाया पडलीस. म्हनलं, हिला ऊन लागलं का काय? सनावाराला बी तुला ढकलून वाकवावं लागतंय. तर म्हनती कशी, आत्याबाई, तुमच्या हातची भाकर किती मऊ असती." त्यांनी मागं फाटकाकडं बघितलं. "तवाच वळखलं. ही आपली न्हाय."

"आणि पोरीला तिच्यापाशी सोडून आलात?"

"मंग काय करू? तिला हटकलं तर पोरगी मलाच भ्याली. आजी, असं काय करतीस, आई हाय की, म्हनली. अगं, रूप तुझं, आवाज तुझा. माझं कोण ऐकनार?… ती पोरीला घास भरवायलीय अर्पिता. पोरगी खाती आन् ती नुसती बघती. लई भुक्यावानी बघती. ऊठ. आधी ऊठ."

"उठता येईना…" अर्पिता हुंदके देत म्हणाली. तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, जसं सुचेल तसं. बाईचं बसणं, तिची तहान, आपण दिलेला शब्द. "जागा धरलीय मी. सोडायचं म्हटलं की जीव जातोय माझा."

मथुराबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, पिळला आणि नीट घडी घातली. अर्पिता त्यांना पुरतं ओळखत होती. त्यांचं तोंड बंद झालं की समजायचं, काहीतरी ठरलं.

"आत्याबाई, नका… ते तोंडातून काढू नका, तुम्हाला पोरीची शपथ आहे."

"पोरीपायीच तर आले. सर तिकडं."

"नका ना…"

"गप. रातच्याला पोरगी घाबरून उठली की कुणाला हाका मारती? मला मारती व्हय?" त्यांनी बाकावर हात टेकला. गारठ्यानं त्यांच्या भुवया वर गेल्या, पण हात मागं घेतला नाही. "आईलाच मारती न्हवं? मंग आईनं घरी जावं. जा तू. मी धरते जागा."

त्या टेकल्या आणि अर्पिताच्या पायांत एकदम रग आली, मुंग्या आल्या, ऊन चटकन अंगाला झोंबलं. मोटरीची घरघर कानावर आदळली. ती उठली होती. ती उभी होती.

"बघत काय उभी राहिलीस? पळ!"

ती पळाली. फाटकापाशी तिनं एकदा मागं वळून बघितलं. करंजाखाली बाक रिकामा होता. त्याच्यावर फुलं पडत होती.

गल्लीतून ती कशी धावली, कोण काय म्हणालं, तिला काही समजलं नाही. चप्पल एका पायातली कुठंतरी गळाली होती. दार सताड उघडं होतं. आत, पंख्याखाली, समृद्धी मांडी घालून भाकरीचा काला खात बसली होती. समोर पाट होता, रिकामा.

"आई, पाणी आणाया गेलतीस न्हवं? तांब्या कुठंय?"

अर्पितानं तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. केस हुंगले, कान हुंगले. खडूचा, घामाचा, ताकाचा वास आला. आपलीच पोरगी. तिच्या बोटांना लागलेलं ताक आपल्या गालाला लागलं ते अर्पितानं पुसलंसुद्धा नाही. ती बाई घरात नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती, माडीच्या जिन्यात नव्हती, मोरीत नव्हती. पोरीला घेऊन अर्पिता तशीच भिंतीला टेकून खाली बसली. पोरगी मिळाली होती. आता शेजाऱ्यांना गोळा करायचं, सरांना बोलवायचं, भगत नाहीतर पोलीस, जो भेटेल तो घ्यायचा आणि म्हातारीला त्या बाकावरून उठवून आणायचं. जी सासू उभ्या जन्मात तिला धड गोड बोलली नव्हती, तिच्यासाठी अर्पिताचं काळीज तुटत होतं. 'येते मी, आत्याबाई,' ती मनात म्हणत होती, 'एवढी पोरीला कुणाच्या तरी हवाली करते आणि येते.'

तेवढ्यात माजघरातून, ओले हात पदराला पुसत, मथुराबाई बाहेर आल्या.

"आत्याबाई!" अर्पिता ताडकन उठली. आनंदानं तिला धड बोलता येईना. "सुटलात तुम्ही? कशा सुटलात? कधी आलात…"

"आलीस का गं बाळा," मथुराबाई म्हणाल्या. "किती दमलीस. बस. तुझ्यासाठी ताक काढून ठेवलंय."

अर्पिता पुढं टाकलेलं पाऊल तसंच ठेवून उभी राहिली. घरात डांबरगोळ्यांचा वास दाटला होता.

मथुराबाई पाटावर बसल्या. समृद्धी आईच्या हातून निसटली आणि सवयीनं जाऊन आजीच्या मांडीवर बसली. आजीनं तिला एक हात वेढून धरलं आणि दुसऱ्या हातानं काला कालवायला लागली. तेच हात. तेच मनगटावरचं गोंदण. चेहऱ्यावर मात्र अशी माया, की मथुराबाईंच्या चेहऱ्यावर ती कुणी बघितली नसती.

अर्पिताला एकच गोष्ट सुचली. शक्य तितक्या सहजपणे ती म्हणाली, "आत्याबाई, चला की. जरा बागेत जाऊन येऊ दोघी…"

त्या हसल्या. हसणं वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. लांबचा प्रवास करून आलेलं माणूस दिवाणावर पाय पसरताना हसतं, तसं ते होतं.

"मी न्हाय येत बाई आता. लई बसले मी." त्यांनी पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "तू जा की. तुला जायचं तर जा. पोरगी हाय माझ्यापाशी."

अर्पिता मागं सरकत उंबऱ्यात आली होती. बाहेर ऊन रखरखत होतं. पाठीमागं गल्लीच्या पलीकडं फाटक होतं, त्याच्या आत करंज होता आणि करंजाखाली, या जगात तिला शोधत आलेलं एकच माणूस गारठत बसलं होतं. आणि समोर पोरगी होती, त्या मांडीवर, त्या हाताच्या वेढ्यात. एक पाय बाहेर टाकला तर ही जाईल. नाही टाकला तर ती. अर्पितानं दाराची चौकट इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली.

"समृद्धी," ती हलकेच म्हणाली, "इकडं ये बाळा. माझ्याकडं ये."

समृद्धी आली नाही. तिनं आजीच्या हातचा घास तोंडात घेतला, सावकाश चावला, गिळला. मग आईकडं बघून, शाळेतली साधीशी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "जा की आई. आजी तिकडं एकटीच बसलीय."

तिच्या केसांवरून फिरणारा हात जागच्या जागी थांबला.